पाणी येईपर्यंत

मल्लिनाथचा मेसेज, हिंजवडीहून:
जुनं काढू नको बे. थांब.
पहिले तिन्ही भाग नव्यानं करूलालेत.
दिवाळीला येतील, बहुतेक.

बहुतेक.
तीन दिवाळ्या गेल्या या बहुतेकवर.

पलंगाखाली चादरींच्या कारखान्यातला खोका आहे.
त्यात ती काळी पेटी, दोन कंट्रोलर,
एकाचं डावं बटण मल्लिनाथनं दाबून दाबून आत घालवलेलं,
आणि नवी पेठेतून साठ रुपयांना आणलेली डिस्क,
जिच्यावर स्केचपेननं नाव लिहिलंय, तेही चुकीचं.
पाच भागांची गोष्ट. मी अडीच खेळलो.
तिसऱ्यात, मिठाच्या किल्ल्याच्या दारात
लाइट गेली
आणि मेमरी कार्डातून बेचाळीस तास पुसले गेले.
मग बारावी. मग अण्णांचं बायपास. मग एमआयडीसी.

आज पाचवा दिवस. पाणी रात्री दोनला येणार म्हणालेत,
म्हणजे साडेतीन.
पोरं गच्चीवर झोपलीत. श्रीलता म्हणाली,
तू जागाच असतोस, तूच भर.
मेमधली भिंत अजून तापलेली,
पाठ टेकली की चटका.

नव्याचा ट्रेलर मी वीसदा तरी पाहिलाय.
गवताचं पातं न् पातं दिसतं,
घोड्याच्या मानेवर घाम.
आणि धुकं काढून टाकलंय.
जुन्यात धुकं होतं, कारण त्या पेटीला
लांबचं काही काढताच येत नसे.
हे फार पुढं कळलं.
तेव्हा आम्ही धरून चाललो होतो की पलीकडं शहर आहे,
मल्लिनाथ तर तिथल्या गल्ल्यांची नावं सांगायचा.
ट्रेलरमध्ये स्वच्छ दिसतं:
पलीकडं टेकडी आहे. टेकडीवर झाडं. बस्स.

अण्णा जेकार्डची कार्डं पाडायचे.
कागदावर चौकटी, चौकटीत लाल ठिपका,
ठिपक्याला भोक, भोकाला धागा,
असा एक मोर.
त्याचा एक पाय आखूड होता. कुठंतरी एक कार्ड चुकलेलं.
मालक म्हणाला राहू दे, माल उठतोय.
गुलबर्ग्यापर्यंत लोकांनी तो लंगडा मोर पांघरला.

मागच्या वर्षी तोच मी कॉम्प्युटरवर काढला, टॉवेलसाठी.
पाय सरळ केला, पिसारा दाट केला.
अण्णांनी चष्मा पुसला,
उलटी बाजू बोटांनी चाचपली,
बागुंदी, म्हणाले.
आणि मग विचारलं, कुणाचा हा?

खरं सांगू, मलाही नवाच आवडतो.
खपतोही जास्त.
म्हणून जुन्याचा झेंडा घेऊन मी बसलेलो नाही.
माझी भीती वेगळीच:
पेटी लावली, आणि ते सगळं
मला वाटतंय तसं नसलंच तर?
थांबून राहिलं की कसं,
जुनंही सुंदर राहतं, नवंही.

दोन वाजून दहा मिनिटं. नळाला फुंकर नाही.
वायरी पुसल्या. लावल्या.
नव्या टीव्हीवर सगळं फाटल्यासारखं, पसरट.
ह्या माणसाचा चेहरा केवढा कोनांचा!
हाताला बोटंच नाहीत, कडक भाकरीचा तुकडा चिकटवलाय नुसता.
मला हसू आलं. मग नाही आलं.
'पुढे चालू' करड्या अक्षरात, दाबता येत नाही.
'नवीन खेळ' दाबलं.

पूल. पुलापाशी धुकं.
सेव्ह करायचा दिवा अजून दोन वळणं पुढं,
आणि तेवढ्यात
खालच्या हौदात पाइप खोकला.

त्याला तिथंच उभा करून उठलो.
मोटर लावली, बल्ब मंदावला,
पेटी बंद पडली नाही.
परत येऊन पाहतो तर तो उभाच,
खांदे वरखाली, श्वास घेतोय,
वीस वर्षांत घाई झाल्यासारखा नाही.

पडद्याचा फोटो काढला, मल्लिनाथला पाठवला.
खाली लिहिलं:
गल्ल्यांची नावं पाठव.

वरची टाकी भरायला अजून पाऊण तास.